नऊ मिनिटांचा न उचललेला फोन

सकाळी आठ वाजता तपासनीस बाईंचा फोन वाजला. पलीकडे रुग्णालयाच्या किरणोपचार विभागातला तंत्रज्ञ होता.

"बाई, प्रयोगातल्या एका पेशंटचा मुलगा आत्ता फाटकाशी भेटला. वडील सात महिन्यांपूर्वीच गेले म्हणतो. गळ्यातली रक्तवाहिनी फुटली. आपल्या कागदावर मात्र 'संपर्क तुटला'."

"माझी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे."

"अकराला माझ्या बायकोचा पाचवा डोस आहे. पहिले चार मीच दिलेत."

साडेआठला बाई विभागात हजर होत्या.

प्रयोग साधा होता. गळ्याच्या कर्करोगाचे शंभर रुग्ण. चिठ्ठी टाकून निम्म्यांना सहा आठवडे रोज थोडाथोडा किरणोपचार, निम्म्यांना पाच दिवसांत जबर मात्रा. नव्या उपचाराने आठवा रुग्ण दगावला, की प्रयोग थांबवायचा, असा लेखी नियम. नोंदीत मृत्यू सात. इतका आज्ञाधारक आकडा निसर्गात क्वचितच आढळतो. 'संपर्क तुटलेले' जुन्या गटात दोन, नव्या गटात अकरा. प्रयोग यशस्वी ठरला होता आणि महिनाभर नवा उपचार सरसकट सुरू होता.

विभागातला फोन एकच. वापरणारे तिघे.

"पेशंटच्या घरी फोन तुम्ही करता?" बाईंनी विभागप्रमुखांना विचारले.

"मी? माझं बोलणं अर्ध्या मिनिटात संपतं. बायकोसुद्धा तक्रार करते."

"अकरा माणसं हरवली. चौकशी केलीत?"

"लोक घरं बदलतात हो. चिकाटी लागते. आमच्या माईंचा भाऊ बघा, सहा आठवडे एक खाडा नाही!"

"चिठ्ठीत त्याला सहा आठवडे आले?"

"छे, तो प्रयोगात नव्हताच. ऐन प्रयोग चालू असताना माईंनी गळ घातली, जुनाच उपचार द्या म्हणून. दिला. घरच्या माणसासाठी एवढं करावं लागतं."

कारकून रजिस्टरावरून मान वर न करता म्हणाला, "मी फक्त उतरवून घेतो. लोकांशी बोलता येत नाही, म्हणून तर कारकून झालो."

माई समुपदेशक होत्या. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आणि रुमालांचा खोका होता.

"त्या अकरा जणांकडे फोन केले होतेत, माई?"

"प्रत्येकी तीनदा. कुणी उचललाच नाही. जीव तुटतो हो."

बाईंनी दूरध्वनी खात्याकडून कॉलची यादी मागवली. ती पावणेअकराला आली. तिघांना त्यांनी यंत्राच्या खोलीबाहेर बोलावले. तंत्रज्ञ तिथे होताच.

"हे अकरा नंबर. नोंदीत 'उचलला नाही'. यादीत मात्र नऊ मिनिटं, बारा मिनिटं, एक तर वीस. न उचललेला फोन वीस मिनिटं चालत नाही. प्रमुखांचा अर्ध्या मिनिटात संपतो, कारकुनाला बोलता येत नाही. वीस मिनिटं फक्त सांत्वन चालतं. फोन उचलला गेला, मृत्यू कळला, तुम्ही घरच्यांना रडू दिलंत, माई. मग फोन ठेवून कारकुनाला 'संपर्क तुटला' म्हणून सांगितलंत. आठवा मृत्यू नोंदला असता, तर प्रयोग तिथेच थांबला असता."

माईंनी नाकारले नाही. "सहा आठवडे रोज दोन दोन तास प्रवास करून येणारी माणसं तुम्ही पाहिली नाहीत. पाच दिवसांत सुटत होती बिचारी. प्रयोग बंद पडला असता, तर परत तेच हाल."

"तुमच्या भावाला का नाही सोडवलंत? आठवड्याचे पाच, असे तीसही दिवस तो आला. त्याच्या पहिल्या डोसच्या तारखेपर्यंत तुम्ही नऊ घरांचं सांत्वन केलं होतंत."

"तो माझा भाऊ आहे," माई म्हणाल्या. या एका वाक्यात प्रयोगाचा खरा निष्कर्ष आला होता, आणि शंभर रुग्णांपैकी एकालाही तो कळवला गेला नव्हता.

"मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं," प्रमुख म्हणाले.

"खरं आहे. ठाऊक होऊ नये, एवढी काळजी तुम्ही घेतलीत. विचारलंच नाहीत."

तंत्रज्ञाला या दोघांशी काही कर्तव्य नव्हते. "बाई, चार झालेत. आता थांबवलं तर वाचेल? की पाचवा देऊन टाकू?"

"दिलेली मात्रा शरीरातून परत घेता येत नाही. चारवर थांबून जुन्या उपचाराकडे वळलेला एकही रुग्ण नोंदीत नाही. प्रयोग वेळेवर थांबवला असता, तर मधेच उपचार बदललेले असे काही सापडले असते."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

आतल्या टेबलावरून त्याच्या बायकोचा बसका, घोगरा आवाज आला.

"अहो, किती वेळ? शेवटचाच आहे ना, उरका की."