अकरा सेकंदांची जागा

प्रफुल्ल माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते मला गप्प करण्यासाठी.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चारला, जुने फ्रेंच सिनेमे दाखवतात. मी कॉलेज रोडला अकरावी-बारावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते, म्हणून सहज डोकावले होते. पडद्यावर एक बाई खिडकीशी बसून पत्र वाचत होती, बाहेर पाऊस... आणि मला फस्सकन हसू आलं. मागच्या टेबलावरचा लॅपटॉप सांभाळणारा मुलगा वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, इथे रडायचं आहे."

मी त्याला सांगितलं, ती म्हणतेय, मला तुझी आठवण येते. खाली इंग्रजीत आलंय, तुला माझी आठवण येते.

त्यानं पडद्यावरच्या बाईकडे पाहिलं. "बिचारी," म्हणाला. "मग पुढच्या वेळी तुम्हीच लिहा की मराठीत. अर्ध्या लोकांना तसंही इंग्रजी वाचवत नाही."

मी हो म्हटलं. त्याचं हसणं चांगलं होतं, हेही एक कारण. दुसरं मला आठवत नाही.

प्रफुल्ल पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं तपासायचा. गोडी मोजायची, डागी मणी कात्रीनं काढायचे. माझ्या ओळींचंही तो तेच करायचा. मी मराठी लिहून पाठवायची, तो प्रत्येक ओळ त्या-त्या सेकंदावर बसवायचा आणि जास्तीचं छाटायचा. त्याचे नियम दोनच. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नाही, आणि ओठ हलले तरच ओळ.

शनिवारी दुपारी तो बाइकवरून माझ्या घरी यायचा, मांडीवर मावेल एवढं खोकं घेऊन. परदेशी पाठवायला नापास झालेली द्राक्षं आम्ही खात बसायचो आणि भांडायचो.

"इतकं लांब लिहिलंस," तो म्हणायचा, "वाचून होईपर्यंत त्याची गाडी सुटलेली असते."

"मग त्याला सांग, जरा सावकाश जा."

"सांगितलं असतं... पण तो फ्रेंच आहे. माझं ऐकतो होय?"

सगळ्या सिनेमांत एकच दुखणं. कोणीतरी कोणावर तरी जीव टाकतं आणि शेवटपर्यंत बोलत नाही. वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या सुमनबाई शेवटच्या रांगेत बसून हे सगळं बघायच्या आणि पाय आपटायच्या. "बोल ना बये एकदाची. जीभ हाय का नाय?" लोक हसायचे. मीही हसायची, सहाव्या सिनेमापर्यंत. तोवर माझीही जीभ गेली होती.

सरळ सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले होते. शनिवारी दुपारी बाइकचा आवाज आला की मी आरशात बघायची आणि मग पाच मिनिटं मुद्दाम दार उघडायची नाही. पण बोलत मात्र नव्हते.

एप्रिलमध्ये हंगाम संपत आला आणि एका शनिवारी त्यानं घड निवडता निवडता सांगितलं की कंपनी त्याला हॉलंडला पाठवतेय. आपली द्राक्षं जिथे उतरतात त्या बंदरावर. दोन वर्षं. एप्रिलचा सिनेमा त्याचा शेवटचा.

तो सिनेमा पाव भाजणाऱ्या एका बाईचा होता. रोज सकाळी एक पोस्टमन तिच्या दुकानात येतो, पाव घेतो, हवापाण्याचं बोलतो, जातो. अशी सात वर्षं. मग त्याची बदली होते. शेवटच्या दिवशी ती त्याच्या हातात गरम पाव ठेवते आणि दोघं नुसते उभे राहतात. अकरा सेकंद. मग तो सायकलवर बसतो.

मी ते अकरा सेकंद रात्रंदिवस डोक्यात घेऊन फिरले. मला त्या बाईचा राग आला, मग माझा आला. शेवटी मी त्या रिकाम्या जागेत लिहिलं — "मला तू आवडतोस. थांब म्हणत नाही, पण हे ऐकून जा." मोजून दोन ओळी. फाइल शुक्रवारी पाठवली. त्याचं उत्तर आलं, "मिळाली." त्या शनिवारी तो आला नाही, सामान बांधायचं होतं म्हणे.

रविवारी हॉल भरला होता, पंखे गरम हवा फिरवत होते. पाव तिच्या हातातून त्याच्या हातात गेला. मी मोजायला लागले. एक, दोन... अकरा. पडद्याच्या तळाशी काही आलं नाही. "हीपण तसलीच," सुमनबाई म्हणाल्या. पोस्टमन वळणाआड गेला.

दिवे लागले, लोक खुर्च्या घडी करून उठले. मला तसंच जिना उतरून जाता आलं असतं. मी मागच्या टेबलाकडे गेले.

"ओळ काढलीस."

"तिचे ओठ हलत नव्हते." तो वायर गुंडाळत होता, ती त्यानं खाली ठेवली. "आणि ती ओळ तिची नव्हती, दीपमाला."

"नव्हतीच. माझी आहे. आता माझे ओठ हलतायत, बघून घे." मी थेट त्याच्याकडे बघून म्हटलं. "मला तू आवडतोस. थांब म्हणत नाही, पण हे ऐकून जा."

त्यानं मला फार वेळ ताटकळत ठेवलं नाही, एवढं त्याच्या चांगुलपणाचं मानते. "तुझ्यासोबत बसलो की शनिवार कधी संपतो कळत नाही," तो म्हणाला. "पण माझं तसं नाही गं. असतं तर ती ओळ मी काढली नसती."

दुखलं. आधी वाटलं होतं त्याहून जास्त. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं, आणि मी खुर्चीवर बसून घेतलं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, मराठीसाठी दुसरं कोणी बघू का. मी नको म्हटलं. जाण्याआधी वेळ कशी बसवतात तेवढं मला शिकव, म्हटलं. त्यानं दोन संध्याकाळी बसून मन लावून शिकवलं, आणि गुरुवारी गेला.

मेच्या शेवटच्या रविवारी मागच्या टेबलावर मी होते. या वेळी पुलावर एक माणूस होता, समोरून ती जात होती, चौदा सेकंद गप्प. मी तिथे काही लिहिलं नव्हतं. त्याला बोलायचं नव्हतं, तो त्याचा प्रश्न.

सिनेमा संपल्यावर सुमनबाई झाडू घेऊन आल्या. "हा बी नाय बोलला."

"नाही बोलला. मी बोलले, सुमनबाई. प्रफुल्लला."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "मंग?"

"नाही म्हणाला."

त्या जवळ आल्या. "जेवण गेलं का तुला?"

"दोन दिवस नाही गेलं. तिसऱ्या दिवशी मिसळ खाल्ली. पाव दोन जास्तीचे घेतले."

सुमनबाईंनी मान हलवली, झाडू उचलला. "पुढच्या खेपेला एखादी बोलणारी बाई दाखव बघ."

"सापडेपर्यंत माझ्यावर भागवा," मी म्हटलं.