तुळसा घरीच आहे

माघ अर्ध्यावर आला होता. आंब्यांना मोहोर धरला होता आणि सगळ्या गावात कवळ तोडायची गडबड चालली होती. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, झाडांची पालेदार डहाळी तोडायची, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून शेतात आणून टाकायच्या. हे बायकांचं काम. त्या दिवशी जेवणं उरकल्यावर तुळसानं कोयती घेतली, दोर कमरेला गुंडाळला आणि "कवळाला जाते गो आये," असं सांगून ती बाहेर पडली.

ओटीवर तिचा थोरला भाऊ महिपत तंबाखू मळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"सांजेच्या आत ये," एवढंच म्हणाला.

तुळसा परत येणार नव्हती.

चार वर्षांपूर्वी तिची बहीण चिमा घरामागच्या विहिरीत गेली. दवाखान्यातल्या एका परजातीच्या पोराशी ती बोलते, अशी गावात कुजबुज होती. पाय घसरला, असं महिपतनं पोलीसपाटलाला सांगितलं. पोलीसपाटील सख्खा मामा. त्यानं ऐकून घेतलं. तुळसा तेव्हा रत्नागिरीत नर्सिंग शिकत होती. दिवसकार्याला आली तेव्हा ती एकदाच म्हणाली, "दादा, चिमा लहान होती तेव्हापासून त्या विहिरीवर पाणी काढत होती." महिपतनं तिचं शिक्षण बंद केलं, तिला घरी आणून बसवलं, आणि एक दिवस हसत हसत म्हणाला, "विहीर अजून भरली नाय हां." आता शिमगा झाला की एका बिजवराशी तिचं लग्न लागायचं होतं.

मुंबईला पळून उपयोग नव्हता. परळपासून घाटकोपरपर्यंत चाळीचाळीत गावची माणसं; कुणीतरी ओळखून पुन्हा महिपतच्या ओटीवर आणून उभं केलं असतं. वाट एकच होती, आणि ती मैमुनानं दाखवली. मैमुना होस्टेलमधली मैत्रीण, रत्नागिरीच्या राजिवड्याची. लग्न होऊन विलायतेला गेलेली. आखातात नर्स घेतात म्हणून दोघींनी त्या काळात पासपोर्ट काढले होते. तुळसाचा मैमुनाच्या आईकडं राहिला होता. ज्याच्या जिवाला घरी धोका आहे त्याला तिथलं सरकार आसरा देतं, असं मैमुनानं कळवलं होतं. विमानातून उतरायचं आणि सांगायचं, मला परत पाठवू नका. मात्र नुसत्या बोलण्यावर ते विश्वास ठेवत नाहीत. पुरावा लागतो.

शिवेवर राखणदाराचा दगड आहे. देऊळ नाही, घंटा नाही. काजऱ्याच्या झाडाखाली गुडघाभर उंचीचा काळा दगड. गाव सोडून जाणारा माणूस तिथं दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जात नाही. चाकरमानी जाताना नारळ ठेवतात. तुळसा शिकलेली होती. दगडाला कान नसतात हे तिला कळत होतं. पण लहानपणापासूनची सवय, पाय पुढं पडेनात. जवळ नारळ नव्हता. वाटेत कुणी हटकलं तर दाखवायला म्हणून तोडलेली कवळाची मोळी तिनं त्याच्या पुढ्यात ठेवली, तिच्यावर कोयती ठेवली आणि हात जोडले.

"बा राखणदारा, मी गेलेली कुणाच्या ध्यानात येऊ देऊ नको. माझ्यावाचून कुणाचं काही अडू देऊ नको."

किती दिवस, अशी मुदत घालायचं तिला सुचलं नाही. झाडावर पाखरू नव्हतं, वारा नव्हता. भर उन्हात कुठूनतरी ओल्या मातीचा वास आला, आणि ती पळत सुटली.

*

मैमुनाची आई ताजबी खाडीच्या कडेला एकटी राहत होती. ओसरीवर सुकत घातलेले बोंबील, आत दोन खोल्या. तिनं तुळसाला आतल्या खोलीत ठेवलं.

"चार दिवस बाहेर तोंड काढू नको हां बाय," ती म्हणाली. "तुझे भाऊबंद आता गावंच्या गावं पालथी घालतील. हिंदूची पोर माझ्या घरात सापडली तर माझं छप्पर नाय राहायचं."

दोघी वाट बघत बसल्या. स्टँडवर कुणी विचारतंय का, बाजारात काही बोलणं होतंय का. ताजबी मासळीची पाटी घेऊन जायची आणि कान उघडे ठेवून यायची. काहीच नव्हतं. पहिले दोन दिवस तुळसाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून तिला जेवण जाईना.

मग एकदा ताजबीला बाजारात धाकू भेटला. तुळसाच्या वाडीतला, काजूबी विकायला येणारा. ताजबीनं भाव करता करता सहज विचारलं, "काय रे, तुमच्या महिपतची भैन म्हणे नायशी झाली?"

"कोन, तुळसा?" धाकू हसला. "कायतरीच काय गो म्हातारे! काल तर व्हाळावर कपडे धूत होती. मी हाक पन मारली."

"मग? बोलली?"

"बोलली न्हाय. बघितलंन फक्त."

ताजबीनं हे हसत हसत सांगितलं. "बघितलंस, अब्रूपायी कसं खोटं पसरवलंन ते! सगळ्या वाडीला शिकवून ठेवलंय."

तुळसाही हसली. हसताना आपले हात गार पडलेत हे तिच्या लक्षात आलं.

*

ताजबीच्या ओळखीच्या एका वकिलानं तक्रार तयार केली होती. भावाकडून जिवाला धोका असल्यानं मुलगी घर सोडून गेली आहे, असा तिचा मजकूर. पोलीस गावी जातील, महिपतचं डोकं फिरेल, सापडली की तोडतो म्हणून तो हवालदारासमोरच ओरडेल, आणि ते कागदावर येईल. विलायतेतल्या लोकांना असाच कागद हवा होता. इतकी वर्षं ज्याच्या भीतीनं ती वाळली, त्या महिपतच्या रागावरच आता तिची सगळी मदार होती.

गावी चौकशी करून हवालदार आला त्या दिवशी तुळसा आणि ताजबी वकिलाच्या आतल्या खोलीत पडद्यामागं बसल्या होत्या.

"काय हवालदार, शिव्या खाल्ल्यात की नाही?"

"कसल्या शिव्या, साहेब! चहा पिऊन आलो. ओटीवर पाट टाकलान, सुपारी कातरून दिलीन. मुलगी घरीच आहे."

वकिलानं तक्रारीची प्रत पुढं ओढली. "दुसरी कुणी उभी केली असेल."

"असं कसं होईल? तुमच्या तक्रारीत लिहिलंय ना, डाव्या भुवईवर व्रण, भावानं कंदील फेकून मारल्याचा. तोच व्रण आहे. नाव विचारलं, तुळसा म्हणाली. कुणाचा जाच आहे का विचारलं, नाही म्हणाली." हवालदार थांबला. त्याचा आवाज खाली आला. "एक मात्र... पाणी तिनंच आणून दिलंन. तांब्या हातात घेतला, तर असा गार... बोटं आखडली माझी. अजून गेली नाही ती थंडी."

हवालदार गेल्यावर वकिलानं पडदा बाजूला केला. तुळसाच्या भुवईकडं तो बराच वेळ बघत राहिला. ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं नाही.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही कोण आहात?"

"साहेब, मी तुळसा. पासपोर्ट आहे माझा. फोटो बघा..."

"फोटो तिचाही असाच येईल." त्यानं कागद गोळा केले. "मी यावर सही करू शकत नाही. विलायतेत त्यांनी गावी चौकशी केली, तर हेच उत्तर मिळेल. मुलगी घरी आहे, सुखात आहे. मग तुमच्यावर कोण विश्वास ठेवील? मला तरी..."

त्या संध्याकाळी ताजबीनं तिचं अंथरूण आतल्या खोलीतून काढून ओसरीवर घातलं. जेवणाची थाळी दुरून सरकवली. ताजबी पुटपुटत काहीतरी पढत होती, आणि तुळसा चालली की तिच्या पावलांकडं बघत होती.

तुळसाला राग आला नाही. जगात तिला तुळसा म्हणणारं हे एक माणूस राहिलं होतं, तेही आता विचारात पडलं होतं. रात्रभर ती खाडीचं पाणी ऐकत पडून राहिली. घरात कुणीतरी सोंग उभं केलं आहे. जाऊन ते धरायचं, चारचौघांत उघडं पाडायचं. म्हणजे वकील सही करील, म्हणजे विमानातून उतरल्यावर सांगायला काहीतरी असेल. दुसरी वाट तिला दिसेना. पहाटे ताजबीला न उठवता ती पिशवी घेऊन निघाली. पासपोर्ट आणि मैमुनानं पाठवलेलं तिकीट ताजबीच्या ट्रंकेत तसंच राहिलं.

*

ती मुद्दाम भर दुपारी पोचली. त्या वेळी महिपत जेवून झोपलेला असतो. परसात कातळ तापला होता, आणि रानात कुठंतरी कवळ भाजल्याचा कडवट धूर पसरला होता. माडाच्या आडून तिनं पाहिलं. मागच्या पडवीत आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. आत काळोखात जातं फिरत होतं.

"आलीस?" आई म्हणाली. तिनं सुपातून मान वर केली नव्हती.

तुळसा जवळ गेली. "आये... आत कोण आहे?"

"हळू बोल गो. दादा उठंल."

"कोण आहे ती?"

"तूच." आईनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्या दिवशी सांजेला आली. मोळी घेऊन, येळेवर आली. दादा काय बोलला न्हाय."

दारातून तुळसाला पाठ दिसली. तिचंच जुनं हिरवं लुगडं. मानेवर तिचाच तीळ. हात संथ फिरत होता, जातं घरघरत होतं, आणि खाली पीठ पडत नव्हतं. जात्यात दाणाच नव्हता.

"आये, ती मी नाही. मी ही इथं आहे. तुला कळत नाही?"

"कळतं गो. पोटात वाढवलंय, मला न्हाय कळायचं?"

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

आईनं सूप मांडीवर ठेवलं. पहिल्यांदाच वर बघितलं. तिच्या डोळ्यांत माया होती, हेच तुळसाला सहन होईना.

"काय सांगू? ही बरी हाय. परवा दादानं तिला फोकानं मारलंन. हूं न्हाय की चूं न्हाय. उठली नि भाकऱ्या थापायला बसली. इतक्या वर्सांत ह्या घरात पहिल्यांदा कुणी रडलं न्हाय, तुळसा."

"आये, माझ्यासंगं चल. आपण दोघी जाऊ. वकिलाला सांग, तू सांगितलंस तर तो ऐकेल..."

"मी पन एकदा निघाले होते," आई हलक्या आवाजात म्हणाली. "नवी नवरी होते. तुझ्या बापाचा मार सोसवेना, म्हनून ह्याच परसातून म्हायेरच्या वाटेला लागले."

"मग? पोचलीस?"

आई तिच्याकडं बघत राहिली, जणू हा प्रश्न तिनं स्वतःलाच पुष्कळदा विचारून बघितला होता.

"पोचले का, ते मला कुठून कळनार गो? मी तर हितंच होते."

आतलं जातं थांबलं.

तुळसा पळाली. कशी शीव ओलांडली, कुठं गाडी मिळाली, तिला आठवलं नाही. रत्नागिरीबाहेरच्या मिरजोळ्याच्या कारखान्यांचे दिवे मागं पडले तेव्हा ती भानावर आली. मांडीवर पिशवी घट्ट धरून ती एकच गोष्ट मनात घोकत होती. कागद नसला तरी चालेल. नुसतं जायचं. त्यांच्या दारात उभं राहून सांगायचं. एखादा तरी माणूस ऐकेल.

*

ताजबीचं दार बंद होतं. दिवेलागणीला ती कधी दार लावत नसे.

"खाला, मी आहे. तुळसा."

आत पावलं वाजली आणि दाराशी येऊन थांबली.

"खाला, दार उघडा ना."

"नको गो बाय." ताजबीचा आवाज फाटका येत होता. "तू गेलीस."

"न सांगता गेले, चुकलं माझं. गावी जाऊन आले. आता कागद नको, काही नको, मला तेवढं मुंबईच्या गाडीत..."

"मुंबईच्या गाडीतच बसवलं तुला मी! सकाळी तूच पासपोर्ट मागितलास. तिकीट मागितलंस. मी म्हटलं, जाते तर जाऊ दे, माझ्या डोक्यावरचा घोर जाईल. स्टँडपर्यंत आले तुझ्यासंगं. गाडी हलली तेव्हा तू हात केलास मला..."

तुळसानं चौकट धरली. "ती मी नव्हते, खाला."

"मला काय ठावं! तोंड तुझं, बोलणं तुझं." आत ताजबी रडत होती. "मग मगरीबच्या बांगेआधी एक आली. खाला, मी तुळसा, दार उघडा. मला वाटलं, गाडीतून उतरलीस, जीव झाला नाय तुझा. उघडलं दार. ती आत बसलीय. मघापासून कोळंबी सोलतेय गो... टोपलीत कोळंबी नाय."

दाराच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. त्या उजेडात, आतल्या भिंतीवर, दोन हातांची सावली संथपणे हलत होती.

"आता तू," ताजबी कुजबुजली. "अल्लाच्या वास्ते एक सांग. अजून किती जणी आहेत वाटेवर?"

तुळसा ओसरीच्या पायरीवर बसली. ओहोटी लागली होती. चिखलाचा आणि बोंबलांचा वास दाटून आला होता. या वेळी ती गाडी मुंबईच्या जवळ पोचली असेल. खिडकीशी एक मुलगी बसली असेल, हातात तुळसाचा पासपोर्ट घेऊन. दोन दिवसांनी ती परक्या माणसांसमोर उभी राहील आणि मला परत पाठवू नका, असं म्हणेल. ते तिच्यावर विश्वास ठेवतील की नाही, हे तुळसाला कळायला आता कसलाच मार्ग नव्हता. ती तर इथंच होती.

खाडीच्या कडेनं स्टँडकडून येणाऱ्या वाटेवर नगरपालिकेचा एकच दिवा होता. त्याच्या उजेडात कुणीतरी आलं. छातीशी पिशवी धरलेली, भराभर चालणारी, पुन्हा पुन्हा मागं वळून बघणारी. ओसरी दिसली तशी तिची पावलं धावू लागली.

तुळसानं तिच्याकडं पाहिलं, आणि पायरीवर जरा सरकून तिला जागा करून दिली.