मलमाची ट्यूब

त्या सकाळी मंजुश्री नांदेडच्या प्रयोगशाळेत आली ती रोजच्यासारखी टोकं करायला. केसाएवढा काचेचा तंतू आम्लात बुडवायचा. तासाभरात त्याचं टोक झिजून इतकं बारीक होतं, की त्यातून येणाऱ्या प्रकाशात साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारंही दिसतं. चार टोकं साधली तर पीएचडी, नाहीतर गाशा गुंडाळून परत जळकोट.

आम्ल मात्र कपटी. अंगावर पडलं तरी आधी दुखत नाही, गुपचूप हाडापर्यंत उतरतं. म्हणून खणात मलमाची ट्यूब असायची. आणि ती ट्यूब रोज थोडी थोडी चपटी होत होती.

भाजलं तर कुणालाच नव्हतं. म्हणजे तिचं आम्ल कुणीतरी चोरून वापरत होतं आणि जखम लपवत होतं. शेजारच्या टेबलावरच्या संगमेशशिवाय दुसरं कोण? त्याचीही पीएचडी अडलेलीच की!

"हात दाखव," तिनं त्याला दारातच गाठलं.

संगमेशनं दोन्ही हात पुढं केले. स्वच्छ. "मी तं आठवडाभर लातूरला होतो. काहून संशय घेऊन राहिलीस?"

फरशी पुसणारे जलीलचाचा थांबले. "त्याला नका बोलू, मॅडम. तुमच्या आधी उज्वला मॅडम होत्या ना... त्यांचा ग्लोव्ह फाटका होता. हातभर आम्ल गेलं. तवा हे मलम न्हवतं इथं..."

"मग?"

"मग काय... न्हाई वाचल्या."

दोघं मिळालेले आहेत, मंजुश्रीला वाटलं. संताप आला तिला. जुनी ट्यूब तिनं फेकली, नवी सीलबंद आणून स्वतःच्या कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली.

दुपारी आतून कडी लावून तिनं चार तंतू बुडवले. चारही टोकं सुरेख निघाली! आनंदानं ग्लोव्ह ओढून काढले, तर उजव्या हाताची तर्जनी पांढरी पडलेली. ग्लोव्ह आतून ओला होता.

हात नळाखाली धरून ती ओरडली, "जलीलचाचा!" बाहेर कुणीच नसावं. आता बोट ठणकू लागलं. डाव्या हातानं कसंबसं कपाट उघडून तिनं खोका काढला. सील जसंच्या तसं होतं. तिनं ते दातांनी फाडलं.

आतली ट्यूब शेपटापासून गळ्यापर्यंत नीट गुंडाळून, शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढलेली होती.