चापाला बांधलेली दोरी

ही घटना भर दुपारची आहे. मंगळवार होता, सव्वातीन वाजले होते, लख्ख ऊन पडलं होतं. रात्रीची असती तर भास झाला म्हणून मी स्वतःची समजूत घातली असती.

तशी सोय नाही. तिथे आम्ही तिघे होतो.

मी बाइंडर आहे. चाळीस वर्षं पुस्तकं शिवतोय. दोरा कुठे अडकला, कुठे सैल पडला, हे मला बघावं लागत नाही. बोटांना कळतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचा हात थरथरला असेल.

नव्हता थरथरला.

माझी बायको जाऊन आठ महिने झाले. तिच्या मागे माझ्याकडे तिच्या वडिलांची शिकारीची रायफल आली. सासऱ्यांनी ती मुलाला न देता मुलीला दिली होती. ही वर्षातून दोनदा नळी साफ करायची, लाकडी दस्त्याला तेल लावायची आणि परत कपाटात ठेवायची. चालवू मात्र कुणालाच दिली नाही. का, असं विचारलं की म्हणायची, "तुम्ही तुमची पुस्तकं शिवा."

परवाना माझ्या नावावर होईपर्यंत रायफल बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे जमा होती. मेहुणा माझ्या मागे लागला.

"भाऊजी, एकदा चालवून तर बघू. चालली तर ठेवा. नाही चालली तर देऊन टाका."

"तुझ्या ताईला आवडलं नसतं."

"ताई आता रागवायला आहे का?" असं म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं. सख्खी बहीण होती त्याची.

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग.

मिस्त्रीच्या दुकानामागे मोकळी जागा होती. शेवटी मातीचा उंच बांध. मिस्त्री गमत्या माणूस.

"ही वयाने आपल्या तिघांची आजी आहे," तो म्हणाला. "आजीला एकदम खांद्यावर घ्यायचं नसतं. आधी लांबून नमस्कार करायचा."

जुनी नळी फुटू शकते, म्हणून त्याने रायफल एका जाड टायरला करकचून बांधली. समोर वाळूने भरलेली लाकडी पेटी ठेवली. काडतूस भरलं. चापाला एक लांब दोरी बांधली आणि ती विटांच्या भिंतीआड आणली. दोरी ओढली की चाप दाबला जाणार. आम्ही तिघे भिंतीआड उभे राहिलो.

"मी ओढतो," मेहुणा म्हणाला.

"ज्याची बंदूक, त्याने ओढायची," मिस्त्री म्हणाला. दोरी माझ्या हातात आली.

दोरी सैल होती. जमिनीवर पडलेली. मी अजून ओढलीच नव्हती…

आणि ती ताठ झाली.

शेजारच्या कारखान्यातलं ग्राइंडर सकाळपासून किरकिरत होतं. ते कधी थांबलं, कळलं नाही. काहीच ऐकू येत नव्हतं.

मग पलीकडून झटका आला. हलकासा. लगेच दुसरा.

दोन.

"पलीकडे कोण आहे?" मी विचारलं.

मिस्त्रीने भिंतीच्या फटीतून पाहिलं. "कोण असणार? टायर आहे आणि आजी आहे."

"दोरी कुणीतरी ओढतंय."

"वारा असेल, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

पानही हलत नव्हतं.

पुन्हा झटके आले… एक… दोन. पुन्हा तेवढेच हलके. ते झटके मला ओळखीचे होते.

आता जे लिहितो, ते मेहुण्यालाही माहीत नाही.

शेवटच्या महिन्यात हिच्या घशात नळी होती. बोलता येत नव्हतं. मी खाटेशेजारी बसायचो आणि ही माझ्या शर्टाची बाही धरायची. एकदा ओढली तर हो. दोनदा ओढली तर नाही. पाणी हवं का, दिवा घालवू का, सगळं आम्ही तसंच बोलायचो.

डॉक्टर म्हणाले, अजून एक ऑपरेशन करून बघू. तिला विचारा.

मी विचारलं. तिने दोनदा ओढली. मी परत विचारलं. परत दोनदा.

डॉक्टर दारात उभे होते. घाईत होते. म्हणाले, "काय म्हणतात?"

मी म्हणालो, "हो म्हणतेय."

आणि सही केली.

तिने माझी बाही सोडून दिली. त्यानंतर ती ऑपरेशनच्या खोलीतून परत आली नाही.

"ओढा हो!" मिस्त्री ओरडला. "भरलेली बंदूक आहे, अशी किती वेळ ठेवणार?"

"ती नको म्हणतेय," मी म्हणालो. निदान मला वाटतं मी म्हणालो. दोघांपैकी कुणालाच ऐकू गेलं नाही.

"ओढा!"

मी ओढली.

ओढताना पलीकडचा ताण गेला. दोरी तुटली नव्हती. कुठे अडकून सुटलीही नव्हती. कुणीतरी हातातून सोडून दिली.

मोठा आवाज झाला. धूर आला. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या.

आम्ही पुढे गेलो. रायफल जशीच्या तशी होती. नळी फुटली नव्हती, गरम होती. काडतूस रिकामं होतं.

पण पेटीला भोक नव्हतं.

मिस्त्रीने चारी बाजूंनी पेटी पाहिली. नळीतून आरपार पाहिलं, मोकळी होती. मग पेटी उलटी करून त्याने सगळी वाळू चाळली. बांधाची माती बोटांनी चाचपली. पेटी नळीपासून जेमतेम दहा पावलांवर होती. चुकायला जागाच नव्हती.

गोळी कुठेच नव्हती.

"अजून एक मारून बघू," मेहुणा म्हणाला.

"नाही," मिस्त्री म्हणाला. त्यानंतर त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

रायफल अजून त्याच्याकडेच आहे. परवान्याचा अर्ज माझ्या टेबलावर पडलाय, सही बाकी आहे. मी पेन हातात घेतो आणि थांबतो. बाहीला काही जाणवतंय का, बघतो. त्या दिवसापासून काहीच जाणवत नाही. ती हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

दोन्ही वेळा तिचं 'नाही' मला नीट कळलं होतं. हे मला कुणाला सांगता येत नाही.

मिस्त्रीचा मात्र दर मंगळवारी फोन येतो. आधी इकडचं तिकडचं बोलतो. मग सांगतो, ती गोळी अजून सापडली नाही, आणि आवाज खाली आणून तेच विचारतो.

"तुमच्याकडे सगळे ठीक आहेत ना? कुणाला… काही झालं नाही ना?"

मी सांगतो, अजून तरी नाही.