कठड्यावरचं ताट

तिन्हीसांजेला चाळीच्या मागच्या कठड्यावर ठेवलेल्या, आपल्या मेलेल्या भावाच्या ताटात नंदूने हात घातला आणि तो हात तिथेच थिजला… कारण भात अजून गरम होता! माणूस जाऊन तीन महिने झाले तरी त्याच्यासाठी कढत भात वाढणारी ती माउली दाराआड चार हातांवर बसली होती, आणि तिचा धाकटा लेक पोटात दोन दिवसांची आग घेऊन चोरासारखा उभा होता. "दादा, रागवू नकोस रे…" तो पुटपुटला, आणि हुंदक्यासकट घास गिळत जेवला.

आग का, ते ऐका. थोरला भाऊ सुबोध ट्रकसह कसाऱ्याच्या दरीत गेला, ती फेरी खरं तर नंदूची होती. लायसन्स मिळाल्यानंतरची पहिलीच. पण त्या दिवशी नंदू 'ताप आलाय' म्हणून अंथरुणात, आणि सुबोध वाढलेलं ताट सोडून उपाशीच निघाला. तेरावं झालं आणि जानकीबाईंनी धाकट्याला उंबऱ्याबाहेर काढलं. "ता मरान तुझ्या वाटचा होता रे! परत ह्या घराक तोंड दाखव नको!"

नंदू गेला तो थेट सुबोधच्याच शेठकडे, आणि स्टिअरिंगवर बसला. नव्या ड्रायव्हरला पगार अर्धा, शिव्या मात्र पुऱ्या! तो अर्धा पगार अख्खाच्या अख्खा मागच्या दाराने इरावतीवहिनीच्या हातात पडे.

"आईला सांगा, शेठ पाठवतो."

"आणि तुम्ही काय खाता, भावजी? हवा?" वहिनी डोळ्यांना पदर लावी.

"धाब्यावर झकास मिळतं, वहिनी!"

धाबा त्याच्या नशिबी चहापावापुरताच होता. झोप केबिनमध्ये. आणि घाट लागला की शेजारच्या रिकाम्या सीटवरून तो आवाज येई… शांत, विडीच्या वासाचा, "सेकंड टाक रे, नंदू." नंदू दुसरा गिअर टाकी. मान वळवून पाहण्याची मात्र त्याची छाती होत नसे!

त्या पहिल्या संध्याकाळनंतर सगळी चाळ हादरली. सुबोध जेवून गेला! शेजारच्या जयंतीमावशीने तर डोळ्यांनी पाहिलं होतं. "सात फूट उंच, बाई! आणि पाय उलटे! इकडे तोंड करून तिकडे चालत गेला!" उंचीचं सोडा, ती मावशीची पदरची भर, पण चाल खरी होती. खिडकीतून दिसणाऱ्या आईवरून नजर निघेना, म्हणून नंदू बिचारा पाठीमागे पावलं टाकत गेला होता. मुलुंडभर गोष्ट पसरेपर्यंत त्या भुताला शेपूटही फुटलं.

पण वहिनीने सांगितलेलं एक वाक्य नंदूच्या काळजात रुतून बसलं. "भावजी, तीन महिने एकवेळ पेज पिणाऱ्या आई काल पोटभर जेवल्या. म्हणाल्या, माझो झील जेवलो, आता मी जेवतंय."

झालं! आता त्याला जेवणं भाग होतं. मुक्कामी फेरी नसली की संध्याकाळी शहरात जड गाड्यांना बंदी असे, तेव्हा त्याचा ट्रक नाक्याबाहेर थांबे आणि हा भूत व्हायला निघे. प्रत्येक घासाला वाटे, आपण भावाचं अन्न खातोय… भावाचं आयुष्य खातोय! आणि वर रोज वांगं. सुबोधचा वांग्यावर जीव. नंदू ते लहानपणापासून ताटाच्या कडेला सारणारा. भुकेलासुद्धा त्याला वांगं गिळवेना. फोडी कडेला सारायच्या, म्हणायचं, कावळा नेईल. सोलकढी पिऊन पळायचं.

असे महिने गेले, आणि वर्षश्राद्धाचा दिवस आला. दिवेलागणीला नंदू कठड्यापाशी आला, ताटावरचं झाकण काढलं…

ताटात वांगं नव्हतं. कुळथाची पिठी होती. वरून लसणीची फोडणी, शेजारी भाजलेला पापड. सुबोध जिच्या वासानेही उठून जायचा, ती पिठी. नंदूची पिठी!

"थंड होतली. जेव."

दारात आई उभी होती. वर्षभरात केवढीशी झाली होती ती!

"आये… तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिसाक. माझो सुबोध वांगा टाकता काय रे? आणि जेवल्यार वाटी पालथी घातल्याशिवाय उठता काय?"

"मग जेवत का होतीस?"

"तू जेवलंस म्हणान जेवलंय, मेल्या!"

नंदूने तिच्या पायांवर डोकं घातलं. वर्षभर छातीत कुजलेलं ते सत्य फुटून बाहेर आलं. "आये, मला ताप नव्हता गं! मी घाटाला घाबरलो… मी खोटं बोललो आणि दादाला मारलं!"

आईने त्याचं डोकं दोन्ही हातांनी वर उचललं.

"ठाव हा माका. तुझ्या कपाळाक हात लावलंय मी, तेवा थंडगार होता… तरी मीच सुबोधाक उठवलंय. म्हटलंय, हो अजून कच्चो, तू जा. एक लेक वाचवलंय, आणि एक… आणि तुझा तोंड बघला की माका माझाच पाप दिसा, म्हणान तुका भायर काढलंय रे, बाबा!"

वहिनी आणि तिची लेक अबोली दारातच रडत होत्या. मग चौघं आत एका पंगतीला बसली. नंदूने पिठीभात ओरपला, अगदी निर्लज्जासारखा तीनदा मागून!

सुबोधचं वांग्याचं ताट आईने आज वेगळं वाढून कठड्यावर ठेवलं होतं. जेवून नंदू हात धुवायला मागे गेला. ताट लख्ख होतं. वांग्याची फोड नाही, भाताचं शीत नाही. आणि सोलकढीची वाटी… पालथी!

जयंतीमावशी म्हणते, मांजर. असेल बुवा; वांगं खाणारं, कढी पिणारं मांजर मुलुंडात निघेलही एखादं. पण जेवून वाटी पालथी घालणारं?

दुसऱ्या दिवशी कसाऱ्याचा घाट लागला. नंदूने कान टवकारले, वाट पाहिली… काही नाही. पहिल्यांदाच त्याने मान वळवून शेजारच्या सीटकडे पाहिलं. रिकामी. जेवून तृप्त झालेला माणूस उठून गेल्यावर जागा असते तशी रिकामी.

नंदूने डोळे पुसले, आणि आपणहून सेकंड टाकला.