ठोक्याआधी

मेंदूत रक्तस्राव होऊन बेशुद्ध पडलेल्या पोस्टमनकाकांचा वॉर्डातला तो अठरावा दिवस होता. मी मेंदूविकारांचा डॉक्टर; रोज सकाळी दहाला त्यांना तपासायचो. क्रम ठरलेला. आधी हात सैल धरून कोपरात वाकवायचा, सरळ करायचा. स्नायू कुठे अडतो ते बोटांना बरोबर कळतं. मग रबरी हातोडी. उजवा गुडघा, डावा गुडघा, शेवटी टाचा. वाटीच्या खाली ठोका बसला की पाय उडतो, माणूस बेशुद्ध असला तरी. त्यात त्याच्या मर्जीचा प्रश्नच नसतो.

त्या दिवशी हातोडी टेकायच्या आधीच पाय उडाला.

माझीच नजर चुकली असेल म्हणून मी पुन्हा मारली. पाय ढिम्म. कागदावर नेहमीचाच आकडा लिहून मी पुढच्या खाटेकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी मी हातोडी खिशातून काढत होतो तेव्हा पाय उडाला. तिसऱ्या दिवशी हात धूत होतो तेव्हा. आठवडाभरात अशी वेळ आली की मी वॉर्डात शिरायच्या आतच सगळं उरकलेलं असायचं, आणि मी ठोके मारायचो ते लाकडावर मारल्यासारखे. सिस्टर म्हणाल्या, आपोआप येणारे झटके असतील. मलाही तेच म्हणायचं होतं. मेंदूचा आलेख काढला. त्यात झटक्यांचा मागमूस नव्हता.

काकू, म्हणजे त्यांची बायको, दिवसरात्र उशाशी बसून असायच्या. पाय हलतोय याचंच त्यांना अप्रूप. प्रत्येक हालचाल त्या वेळेसकट वहीत टिपून ठेवायच्या. "पत्रं उशिरा आणतात म्हणून जन्मभर लोकांची बोलणी खाल्ली यांनी," त्या एकदा हसत म्हणाल्या. "आता बघा कशी घाई."

एका सकाळी जिना चढताना मनात आलं, आज क्रम मोडू. डाव्या टाचेपासून सुरुवात करू. कुणाजवळ बोललो नाही. आत गेलो तर काकूंनी वही पुढे केली. सहा वाजून दहा मिनिटं, डावी टाच.

"आज उलटं का हो झालं?" त्यांनी विचारलं.

सहाला मी घरी गाढ झोपेत होतो. औषध बदलतो म्हणालो आणि तिथून सटकलो.

चार दिवसांनी काकू दारातच उभ्या होत्या, रडून डोळे सुजलेले. पहाटे उजवा गुडघा एकदाच उडाला, त्यानंतर काहीच नाही. सगळं संपलं का, असं त्या विचारत होत्या. मी म्हणालो, आधी बघू तर द्या.

उजव्या गुडघ्यावर ठोका मारला. मग डावीकडे वळलो.

हातोडी खाली पडली.

उचलायला वाकलो तर हात पुढे गेलाच नाही. खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. सवयीने मी तो डाव्या हातात धरून कोपरात वाकवला. कुठेही अडला नाही. ओल्या फडक्यासारखा.

काकू काहीतरी विचारत होत्या. माझी जीभ वळेना.

मला वरच्या मजल्यावर ठेवलं. माझी ज्युनियर रोज यायची, उजवा हात वाकवून पाहायची, कागदावर शून्य लिहायची आणि माझ्याकडे बघायचं टाळायची. डावी बाजू मात्र शाबूत होती.

चौथ्या दिवशी काकू भेटायला आल्या. चेहरा उजळलेला.

"पहाटेपासून यांचे पाय परत उडायला लागलेत, डॉक्टर. म्हणजे तुम्ही उद्या उठणार बघा." मग त्या जरा घुटमळल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण थांबतच नाहीयेत. गुडघे काळेनिळे पडलेत. एवढ्या जोरात नका ना मारू."

मला सांगायचं होतं, त्यांना इथून हलवा. आजच्या आज. दुसऱ्या गावी न्या, मला सापडणार नाहीत असे.

तोंडातून नुसती लाळ आली. काकूंनी ती रुमालाने हळूच टिपली.

संध्याकाळी ज्युनियरने माझा डावा हातही वाकवून पाहिला. पुन्हा पाहिला.

"सर, इकडच्या स्नायूंचा ताण खूप वाढलाय," ती म्हणाली. "हातात काही धरलंय का?"

तिने एकेक बोट सोडवलं. मूठ रिकामी होती. तिने हात सोडताच बोटं परत मिटली.