हिसका येईपर्यंत

त्या दोघांची पहिली भेट पाठमोरी झाली. ती उलटी चालत होती, तो कानात हेडफोन खुपसून, मान खाली घालून सरळ चालत होता, आणि रिकाम्या रंगमंचाच्या ऐन मधोमध तिची पाठ त्याच्या छातीवर जाऊन आदळली.

आता चांगली धडधाकट मुलगी उलटी का चालेल, असं कोणीही विचारेल. तर ती दोर वळणाऱ्यांच्या घरातली. टीव्ही केंद्राच्या मोठ्या सभागृहात पडद्याला नवा दोर हवा होता, तो घेऊन ती आली होती. दोर वळायचा तो मागे मागे चालत आणि मोजायचा तोही मागे मागे चालत, हे तिच्या लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. आणि पाय मागे पडू लागले की घरातलं गाणं आपोआप तोंडात यायचं. तिला कळायचंही नाही.

"माझ्या पाठीला डोळे नाहीत," ती वळून म्हणाली. "तुमचे तर पुढे आहेत ना?"

"आहेत. पण…" त्याने हेडफोन गळ्यात ओढला. "आत्ता काय गात होतात? परत गा ना."

"माणूस आधी माफी मागतो."

"माफ करा. आता गाता?"

तो होता संगीत संयोजक. दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय गाण्यांची स्पर्धा व्हायची, प्रत्येक देशाचं एक गाणं. आपल्या देशाचं कुठलं, ते याच सभागृहात ठरायचं. त्याच्याकडे वादक होते, दिवे होते, निवड समितीच्या अध्यक्षबाईंचे दिवसाआड फोन होते. फक्त गाणं नव्हतं. वरात दारात आणि नवरदेवाचा पत्ता नाही, अशी त्याची गत झालेली.

ती गायली. तो ऐकताना दोन बोटांनी मांडीवर ताल धरत होता, अगदी घड्याळासारखा, टिक… टिक… टिक. बोटं छान होती. हे आपण बघतोय, हे तिच्या लक्षात आलं, आणि ती उगाचच दोर गुंडाळायला लागली.

"स्पर्धेत गाल?" त्याने विचारलं.

"दोर पोचवायला आले होते हो मी," ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

*

रेकॉर्डिंग झालं. आठवड्याभराने त्याने तिला स्टुडिओत बोलावलं आणि मोठ्या कौतुकाने तयार गाणं लावलं. ढोल झकास होते, खोटं कशाला बोला. तिचे पाय हलायला लागले, ती सोबत गुणगुणू लागली. चार ओळी झाल्या, ती थांबली… आणि गाणं तिला मागे टाकून पुढे निघून गेलं.

"इथला थांबा कुठे गेला?"

"तो होय." तो खुशीत होता. "तिथे तुमचा श्वास अडकला होता. प्रत्येक चार ओळींनंतर. मी काढून टाकला. एकदम स्वच्छ केलंय."

"स्वच्छ केलंत," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर परवडलं असतं. पण तिने शांतपणे खुर्ची ओढली, बसली आणि लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. एक माणूस चाक फिरवतं, त्याने दोराला पीळ बसतो. दुसरं माणूस मुठीतला ताग सोडत मागे मागे जातं. चार ओळींत मूठ रिकामी होते. मग चाक थांबतं, आणि चाकावरचं माणूस दोराला हलकासा एक हिसका देतं. म्हणजे, थांबलोय, नवा ताग लाव. हिसका आला की पुढची ओळ.

"म्हणजे किती वेळ थांबायचं?"

"हिसका येईपर्यंत."

"तसं नाही. किती मात्रा?"

"हिसका येईपर्यंत. परत सांगू?"

त्याने कपाळावर हात मारला. स्पर्धेचा नियम होता, वाद्यं सगळी आधी रेकॉर्ड केलेली, गळा तेवढा जागेवरचा. एकदा सुरू झालेली टेप कोणासाठी थांबणार नाही. त्यात अध्यक्षबाईंचं म्हणणं, टीव्हीवर क्षणभर शांतता झाली की लोक चॅनेल बदलतात.

"मग आमचं गाणं हवंय कशाला?" ती म्हणाली. "सगळ्या देशांची तिथे एकाच साच्यातली असतात. नाव झाकलं तर आई आपलं पोर ओळखणार नाही."

"पैज?"

"पैज. हरेल त्याने चहा पाजायचा."

तो आधीच्या वर्षांची गाणी लावत गेला, ती देश ओळखत गेली. डोंगराळ देशाला बेट म्हणाली, बेटाला वाळवंट. एकही बरोबर आलं नाही.

"बघा, हरले. म्हणजे माझंच खरं. चहा तुम्ही पाजा," ती विजयाने म्हणाली.

तो हसला. मग शेवटचं गाणं त्याने पुन्हा लावलं, हळू आवाजात. "या बाईचा सूर शेवटी जरा खाली घसरतो, ऐकलंत? तिकडे मेंढ्यांना संध्याकाळी अशीच हाक मारतात. आपल्याला ओळखू आलं नाही, म्हणजे गाण्यात ते नाहीच, असं थोडंच आहे?"

घसरलेला सूर तिला आता ऐकू येत होता. शहाणा आहे बरं का हा, असं मनात आलं, आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून तिने चहा मागवला. पैसे कोणी द्यायचे, यावर भांडण मिटेना, म्हणून आणखी एक चहा झाला.

"एवढं ऐकू येतं तुम्हाला," उठताना ती म्हणाली, "आणि माझा थांबा तेवढा श्वास वाटला. थांब्याशिवाय मी गाणार नाही, टिकटिकराव."

"सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही," तो पुटपुटला. "मला तुमचा कारखाना दाखवता?"

*

कारखाना कसला, लांबच लांब अरुंद शेड. एका टोकाला चाक, चाकावर तिचे बाबा. तागाच्या धुळीने त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. पूर्वी चाकावर बाबा असत आणि मागे मागे जात असे तिची आई. आई गेली आणि ती जागा तिच्याकडे आली.

बाबांनी पाहुण्याला बसा म्हटलं नाही. त्याच्या कमरेला ताग बांधला आणि म्हणाले, "चला."

तो चालला, अडखळला, बसला. दोराला अशी गाठ पडली की सोडवताना ती हसून हसून खाली बसली. तोही हसला. दोघांची बोटं एकाच गाठीत अडकली होती, आणि ती सोडवायची घाई कोणालाच दिसत नव्हती. बाबा खोकले.

"ही चाल किती जुनी असेल?" तो उठत म्हणाला.

"शेकडो वर्षांची," ती ताठ मानेने म्हणाली.

बाबा पुन्हा खोकले. "तुझ्या आजोबांनी ती एका खलाशाकडून उचलली. परदेशी होता. दोर न्यायला आला आणि बोट नादुरुस्त झाली म्हणून बरेच दिवस इथेच राहिला."

तिचा चेहरा पार उतरला. स्टुडिओत केवढी तणतणली होती ती, साच्याचं काय आणि पोराचं काय. "म्हणजे आपलं काहीच नाही त्यात?"

"नाही कसं? चाल त्याची. पण तो सलग गायचा, त्याला कुठे ताग लावायचा होता?" बाबांनी चाकाला थोपटलं. "थांबणं आपलं."

मग त्याने विचारलं, "आणि एकाऐवजी दोन हिसके दिले तर?"

"दोर पुरा झाला, इकडे ये," बाबा म्हणाले. मग भुवयांतल्या धुळीतून किंचित हसले. "मी एकदा अर्ध्या दोरावरच दिले होते दोन. हिच्या आईला. ती आली विचारायला, काय झालं म्हणून. मग सांगितलं, काय झालं ते."

"बाबा…" ती म्हणाली. पाहुणा शर्टाच्या बाहीवरचे धागे अगदी मन लावून वेचू लागला.

शेडच्या दारापर्यंत ती त्याला सोडायला गेली. "तुझे ढोल राहू देत," ती म्हणाली. "माझे थांबे परत दे."

"तुझे?"

"तुमचे."

"नको. तुझेच बरे."

*

तोडगा त्यानेच काढला. टेपवर तीन थांबे, तीन शांतता. पण ढोल परत कधी येणार, हे रंगमंचावर एकट्या गाणाऱ्या तिला कळणार कसं? तर तिच्या हातात खराखुरा दोर. दोराचं दुसरं टोक पडद्याआड त्याच्या हातात, आणि त्याच्या कानात हेडफोनमधली टिकटिक. ढोलाच्या आधी तो हिसका देणार.

"लोकांना वाटेल टेप अडकली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सभागृह हसलं तर मी वाचवायला येणार नाही."

हसण्याचीच तर तिला भीती होती. निवड होवो न होवो, पण पहिल्या रांगेत बाबा बसणार होते, इस्त्रीच्या शर्टात. आईसोबत आयुष्यभर जे गायले, त्यावर परकी माणसं त्यांच्यासमोर खिदळली, तर तिने घरी जाऊन त्यांना तोंड कसं दाखवायचं?

निवडीची रात्र आली, आणि सगळ्यात शेवटी तिचं गाणं होतं. दिवे लागले. ती गाऊ लागली, मागे मागे जाऊ लागली. चार ओळी. पहिला थांबा.

शांतता. कुठेतरी खुर्ची करकरली. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात हिसका आला. हलका, नेमका. ढोल घुमले आणि ती पुढच्या ओळीवर जाऊन उतरली.

दुसरा थांबा. या वेळी कोणी हसलं नाही. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. बाबांची मूठ गुडघ्यावर होती, हिसक्यासाठी तयार. त्यांच्या शेजारची अनोळखी बाई श्वास रोखून पुढे झुकली होती. मग तिला दिसलं, सगळेच झुकले होते. सगळं सभागृह हिसक्याची वाट बघत होतं. हिसका आला आणि हजार माणसांनी एकदम श्वास सोडला.

तिसरा थांबा. शेवटची ओळ राहिली होती. तिने डोळे मिटले.

एक हिसका. आणि लगेच दुसरा.

तिचे डोळे खाडकन उघडले. चुकून? छे, तो चुकून काही करणाऱ्यातला नव्हता. गाणं संपलं नव्हतं, दोर अर्धाच होता… आणि दोन. ढोल आले. ती अर्धा श्वास उशिरा ओळीवर पोचली, पण पोचली. आणि जन्मात पहिल्यांदा हे गाणं गात ती पुढे चालू लागली. दोर हातावर गुंडाळत, एकेक पाऊल, पडद्याकडे. शेवटचा सूर संपला तेव्हा ती त्याच्यासमोर उभी होती. बाहेर टाळ्यांचा कडकडाट होता, पण तो कुठल्या दुसऱ्याच घरात चालल्यासारखा.

"दोर पुरा झाला नव्हता," ती धापा टाकत म्हणाली.

"माहीत आहे."

"मग काय झालं?"

त्याचा हेडफोन गळ्यात लोंबत होता. "दुसऱ्या थांब्यानंतर कधी काढला, कळलंच नाही. शेवटचा हिसका अंदाजानेच दिला. तुझा श्वास ऐकून." तो अडखळला. "मी सगळं मोजून करतो गं. हे नाही मोजता येत. मला तू आवडतेस… फार."

दोघांच्या मध्ये वीतभर दोर उरला होता. तिने त्याला एक हिसका दिला.

"म्हणजे?"

"विसरलास? थांबलेय. लाव पुढचं."

त्याने तिचा हात हातात घेतला, दोरासकट. बोटं मांडीवर ताल धरायची विसरली होती.

बाहेर अध्यक्षबाई माइकवर निकाल वाचत होत्या. गाण्याचं नाव त्यांनी एकदा घेतलं, दोनदा घेतलं, आणि मग पडद्याच्या दिशेने बघत राहिल्या. शेवटी पहिल्या रांगेतून बाबाच उठून आत आले. दोघांना बघितलं, तागाच्या धुळीशिवायच्या भुवया वर केल्या.

"निवडलंय तुम्हाला. लोक थांबलेत तिकडे."

"थांबू देत ना, बाबा," ती वळून न बघता म्हणाली.

बाबा वाकले. जमिनीवर लोळणारं दोराचं टोक त्यांनी उचललं, आणि सवयीच्या हाताने दोन हिसके दिले.